झाकणांवरच्या चिठ्ठ्या

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांचा असताना वडिलांचे साहेब नव्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन आमच्या घरी आले होते. कॅलेंडरवर लढाऊ विमानाचं चित्र होतं आणि साहेब स्वतः ते घेऊन आले होते, म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं कौतुक करायचं होतं. आईने केलं, मी केलं, वडिलांनी तर दोनदा केलं. भाऊ चित्राजवळ गेला आणि म्हणाला, "काका, हे इंजिन एका विमानाचं आणि पंख दुसऱ्याचे आहेत. असं विमानच नसतं."

वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तंत्रज्ञ होते, पाळीची नोकरी होती, आणि पुढच्या महिन्यात त्यांना साहेबांकडून एक सही हवी होती. त्यांनी भावाला आत पाठवलं. साहेब मोठ्या मनाचे होते. ते हसले आणि म्हणाले, "पोरगा हुशार आहे." पण कॅलेंडर पुन्हा कधी आणलं नाही.

आत गेलेला भाऊ मला म्हणाला, "ताई, चुकलंय ते. चुकलेलं चुकलंय म्हणायचं नाही का?"

"पाहुण्यांसमोर नाही म्हणायचं," मी म्हणाले. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि जगाचे नियम मला पाठ होते.

विमानांचं वेड आमच्या घरात आत्याच्या यजमानांमुळे शिरलं. ते मालवाहू बोटीवर होते आणि परदेशातून येताना भावासाठी प्लास्टिकच्या विमानांचे खोके आणायचे. खोक्यात सुटे भाग, एक घडी घातलेलं सूचनापत्र आणि पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं. खऱ्या विमानाचे बहात्तर इंच म्हणजे या विमानाचा एक इंच. अख्खं विमान तळहातावर मावायचं. कॉलनीतली इतर मुलं असली खेळणी तासाभरात जोडून दोन तासांत मोडायची. भाऊ एकेका विमानाला दोन-दोन महिने लावायचा. शाळेतून आला की ओझरच्या विमान कारखान्याच्या दिशेने आवाज येतोय का बघायला गच्चीवर जायचा, आणि मग खाली येऊन कामाला बसायचा. इंजिनाच्या धुराचा काळा ओघळ कुठून सुरू होतो, चाकं दुमडल्यावर जिथे जातात तो खड्डा आतून कुठल्या रंगाचा असतो, पंख्याची टोकं किती जाडीची पिवळी असतात, हे सगळं त्याला लागायचं. काजळी म्हणून तो पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने घासायचा. विमानाच्या पाठीवरून शेपटीकडे जाणारी बिनतारी यंत्राची तार म्हणून त्याने माझे केस वापरले. "एक दे ना, लांब बघून," म्हणत यायचा. माझे केस दुसऱ्या महायुद्धात बरेच लढले.

रंगांची मात्र पंचाईत होती. सूचनापत्रात परदेशी डब्यांचे आकडे असत आणि ते डबे नाशकात कुठेच मिळत नसत. आम्ही रविवार कारंज्यावरच्या दुकानातून लोखंडी गेटला देतात तो ऑइलपेंट आणायचो, सगळ्यांत लहान डबे, आणि घरी एकमेकांत मिसळून फोटो काढणाऱ्यांकडच्या फिल्मच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवायचो. नरसाळं, ड्रॉपर, जुन्या मासिकांतले फोटो. रंग जसाच्या तसा जुळला तरी लहान विमानावर तो गडद दिसतो, म्हणून त्यात पांढऱ्याचे दोन थेंब टाकायचे, हेही त्यानेच कुठेतरी वाचून काढलं होतं. मिसळायला मात्र मला बसवायचा. म्हणायचा, "तुझा हात स्थिर आहे."

मी बारावीत, तो सहावीत. त्या वर्षी त्याने स्पिटफायर हे इंग्रजांचं महायुद्धातलं लढाऊ विमान बांधलं. त्याच्या पाठीवर हिरव्या आणि मातकट तपकिरी रंगाचे मोठे पट्टे असतात, वरून बघणाऱ्याला ते शेतासारखं दिसावं म्हणून. मी परीक्षेच्या गडबडीत होते, म्हणून दोन्ही रंग मिसळून दिले आणि अभ्यासाला बसले. संध्याकाळी त्याने विमान आणून माझ्या वहीवर ठेवलं. पट्ट्यांच्या कडा इतक्या रेखीव होत्या की जणू कुणी कात्रीने कापल्यात. आणि डावा पंख निम्म्यातून पुढे सगळा तपकिरी होता. पट्टे होतेच. तपकिरीला लागून तपकिरी, मध्ये पेन्सिलीची नाजूक रेघ.

मला हसू आलं. "अरे, हिरवा संपला का?"

"नाही तर," तो म्हणाला. "का गं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो विमानाकडे पाहत होता, कुठली कड चुकली ते शोधत. त्याला खरंच काही दिसत नव्हतं.

मग मला आजोबा आठवले, आईचे वडील. त्यांचा मखमलाबादला मळा होता. टोमॅटो, वांगी, दसऱ्याला झेंडू. टोमॅटो तोडताना ते फळ बोटांनी दाबून बघायचे आणि जवळ असेन तर मला विचारायचे, "पोरी, लाल झालं का गं ह्ये?" मला वाटायचं, लहान मुलीचं मन राखायला विचारतात. एकदा त्यांनी घाईत दोन पाट्या भरून कच्चे टोमॅटो तोडले. मामा सगळ्या बायामाणसांसमोर ओरडला, "म्हाताऱ्याला लाल अन् हिरवं सारखंच दिसतं, अन् निघाला तोडायला!" बाया पदर तोंडाशी धरून हसल्या. आजोबाही हसले. त्यानंतर मात्र तोडणीच्या दिवशी ते विहिरीजवळ बसून राहायचे, स्वतःच्या मळ्यात पाहुण्यासारखे.

आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात ते दाखवायला जीवशास्त्राच्या वहीत आमच्याकडे चार घरांचा एक चौकोन काढायची पद्धत होती. त्यात आजोबा, आई आणि भाऊ बसवायला मला पाच मिनिटं लागली. रंगांधळेपणा आजोबांकडून त्यांच्या मुलीकडे येतो, तिला काही होत नाही, आणि मग तिच्या मुलाकडे जाऊ शकतो. पुस्तकात पुढे एक ओळ होती: यावर उपाय नाही. उपायच नसेल तर सांगून काय करायचं, असा मी विचार केला. हा विचार मला त्या वेळी फार समजूतदार वाटला होता.

मी त्याला म्हणाले, "इथे हिरवा थोडा पातळ पडलाय, दे, मी नीट करते." आणि तो पंख मी रंगवला. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आणि प्रत्येक डबीच्या झाकणावर चिकटवल्या. गडद हिरवा. मातकट तपकिरी. पोटाचा फिका निळा. जहाजी राखाडी. सुवाच्य अक्षरात, वर पारदर्शक टेप लावून. त्याने विचारलं, "हे कशाला?" मी म्हणाले, "नीटनेटकेपणा." तो खूश झाला. त्याला नीटनेटकेपणा आवडायचा.

त्यानंतर सहा वर्षं एकही रंग चुकला नाही.

आठवीत असताना शाळेच्या प्रदर्शनात त्याने अकरा विमानं मांडली. प्रमुख पाहुणे एक तास उशिरा आले आणि चाळीस मिनिटं बोलले. त्यातली तीस मिनिटं स्वतःच्या संघर्षावर होती, पाच देशावर आणि उरलेली पाच माझ्या भावावर. त्यातलं हरिकेन नावाचं विमान हातात उचलून ते म्हणाले, "हे रंग बघा! एक छटा इकडची तिकडे नाही! याला म्हणतात गरुडाची दृष्टी! मी आज या व्यासपीठावरून सांगतो, हा मुलगा उद्याचा वैमानिक आहे!" विमान त्यांनी उलटं धरलं होतं. टाळ्या झाल्या. 'अचूक रंगसंगती'साठी विशेष ढाल मिळाली. वडिलांनी ढाल टीव्हीवर ठेवली आणि आल्या-गेल्याला सांगायला लागले, "पायलट होणार." तोवर भाऊ नुसता विमानं बांधत होता. पायलट व्हायचं त्या दिवशी ठरलं.

मी टाळ्या वाजवल्या. माझ्या बाजूच्या बाई म्हणाल्या, "बहीण वाटतं? भाग्यवान आहेस." मी हो म्हणाले.

सांगायचं मी अनेकदा ठरवलं. एकदा दिवाळीत, एकदा राखीला, एकदा बसमध्ये. प्रत्येक वेळी वाटायचं, अजून लहान आहे, वेड उतरेल. मुलांची वेडं उतरतात. आणि खरं सांगायचं तर मला त्या कामाची गोडी लागली होती. डबी उघडली की तो माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवायची. त्याला वाटायचं, मी त्याच्या कामावर शिक्का मारतेय. मी त्याचे डोळे झाले होते आणि हे त्याला माहीत नव्हतं, यात मला कुठेतरी मोठेपणा वाटत होता. प्रमुख पाहुण्यांना मी हसते, पण तो मोठेपणा त्यांच्यापेक्षा वेगळा नव्हता.

बारावीला त्याने वैमानिक भरतीची तयारी सुरू केली. पहाटे पळायला जायचा, गणितं करायचा. वडिलांनी त्याला मेन रोडवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, मीही सोबत होते. डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. त्याने शेवटची, अगदी बारीक ओळ न अडखळता वाचली.

"एकदम फर्स्ट क्लास," डॉक्टर म्हणाले. "चष्म्याचं नावच नको."

"बाकी काही बघायचं राहिलं नाही ना, डॉक्टर?" वडिलांनी विचारलं.

डॉक्टर पुढच्या पेशंटचा कागद बघत होते. "बाकी काय बघायचं?"

मी तोंड उघडलं होतं. हे मी स्वतःच्या बाजूने सांगत नाही, उलट विरुद्धच सांगतेय. तोंड उघडलं, आणि भावाने माझ्याकडे बघून डोळा मारला, आणि मी म्हणाले, "रिक्षा मिळेल का आता?"

एक गोष्ट मात्र केली. इंजिनिअरिंगचा प्रवेश अर्ज आणला, गुपचूप भरून ठेवला आणि सहीसाठी त्याच्यासमोर धरला. तो जेवत होता. उष्टा हात लागू नये म्हणून डाव्या हाताने त्याने तो अर्ज उचलला, वाचला आणि हसला. "ताई, तुला माझ्यावर भरवसा नाही?" मग उष्ट्या हातानेच अर्जाचे चार तुकडे केले आणि ताटाजवळ ठेवले. मी ते तुकडे उचलून केराच्या डब्यात टाकले. आई म्हणाली, "अगं, त्याचं मन कशाला खचवतेस?"

लेखी परीक्षेत तो पास झाला. पाच दिवसांच्या मुलाखतीतही पास झाला. तिथून त्याने कॉलनीतल्या शेजाऱ्यांच्या फोनवर फोन केला आणि शेजारच्या काकू चप्पल न घालता धावत आल्या. वडिलांनी अख्ख्या पाळीला पेढे वाटले. राहिली होती ती वैद्यकीय तपासणी. तेव्हाही मी सांगू शकले असते. काही उपयोग झाला नसता, पण आधी ते घरच्या माणसाकडून तरी कळलं असतं.

तपासणीला वडील सोबत गेले होते. दोघे दुपारच्या गाडीने नाशिक रोडला उतरून घरी आले. वडील चपला काढायच्या आधीच बोलायला लागले. "ठिपक्यांचं पुस्तक म्हणे! ठिपक्यांत आकडा लपवलेला असतो, तो वाचायचा! पोरानं सगळं केलं, पळाला, पोहला, छाती फुगवली, आणि ठिपके वाचता आले नाहीत म्हणून बाहेर! विमान काय ठिपक्यांतून उडवतात?"

"कुठले ठिपके?" आईने विचारलं.

"लाल-हिरवे. याला लाल-हिरवं दिसत नाही म्हणतात. याला! ज्याला रंगांची ढाल मिळाली!"

आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती खाली बसली. "माझ्या अण्णांना पण..." एवढंच म्हणाली आणि थांबली. तिला ते कधी जोडता आलं नव्हतं. तिच्या घरी ती एक गंमत होती.

भाऊ सरळ आमच्या खोलीत गेला. मी मागे गेले. त्याने रंगांचा लाकडी ट्रे खाली काढला होता आणि एकेक डबी उचलून झाकण वाचत होता. रडत नव्हता.

"ताई, या चिठ्ठ्या का लावल्यास?"

"सापडायला सोपं जावं म्हणून."

"खरं सांग."

मी सांगितलं. स्पिटफायर, पंख, आजोबा, वहीतला चौकोन. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सहा वर्षं जी गोष्ट मला अवघड वाटत होती ती एवढीशीच होती.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं. मीठ आणि साखर सारखीच दिसते, म्हणून आई बरण्यांवर लिहिते ना? तसं वाटायचं. रंग सारखे दिसतात म्हणून डब्यांवर लिहायचं असतं."

मी एका झाकणावरच्या टेपची सुटलेली कड बोटाने दाबली.

"मी सहावीत होतो तेव्हापासून?"

"हो."

"आणि ती ढाल?"

"हो."

"आणि मी फॉर्म फाडला तेव्हा?" त्याचा आवाज पहिल्यांदा वर गेला. "तू समोर उभी होतीस, ताई. तुकडे तू उचललेस."

"तुला लोकांनी हसू नये म्हणून..."

"तपासणीला सहा जणांच्या रांगेत हसले," तो म्हणाला. "मी पंचेचाळीसचा आकडा वाचला, तिथे बाकीच्यांना काहीच दिसत नव्हतं."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. वडील पुढे महिनाभर भांडले, ठिपक्यांशी, नशिबाशी, सगळ्यांशी. भाऊ कुणाशी भांडला नाही. हवाई दलातच जमिनीवरची नोकरी घे, असं दोघा-तिघांनी सुचवलं. त्याने नुसती मान हलवली. इंजिनिअरिंगचे प्रवेश संपले होते. त्याने साध्या पदवीला नाव घातलं आणि विमानं एका खोक्यात भरून माळ्यावर टाकली. बांधायला घेतलेलं मिग विमान अर्धवटच राहिलं, पंख होते, चाकं नव्हती. माझं लग्न झालं, नाशकातच, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीही लागली. तो विंचूरला एका कांदा व्यापाऱ्याचं गोदाम सांभाळायला लागला. माझ्याशी तो नेहमी नीट बोलायचा. वाढदिवसाला फोन, राखीला स्वतः येऊन ओवाळून घेणं, भाच्यांना चॉकलेटं. "कसा आहेस?" "बरा आहे. तू?" पूर्वी तो मला विमानाच्या पोटातल्या खिळ्यांची संख्यासुद्धा सांगायचा. आता त्याच्या लग्नाची तारीखही मला आईकडून कळली.

लग्नानंतर दोन वर्षांनी त्याने मला पहिल्यांदा घरी बोलावलं. म्हणजे आईने त्याला बोलवायला लावलं असावं. मी एसटीने गेले. त्याची बायको मोकळ्या स्वभावाची, निफाडकडची. मला बसवायच्या आधीच बोलायला लागली. "ताई, यांना शर्ट मीच काढून देते बरं का. नाहीतर परवा चॉकलेटी पँटवर हिरवा शर्ट घालून निघाले होते, झाडच झाले होते!" भाऊ हसला. अगदी मनापासून हसला. मी त्याला असं हसताना किती वर्षांनी पाहत होते, ते मोजायची हिंमत झाली नाही.

भिंतीवरच्या फळीवर एक विमान होतं. नवीन. आजकालचं दोन इंजिनांचं जेट, जे सगळं एकरंगी राखाडी असतं ते. बांधणी सुरेख होती. कड अन् कड स्वच्छ, चाकांच्या खड्ड्यात नळ्यासुद्धा काढलेल्या. आणि ते गुलाबी होतं. फिकट, थोडंसं जांभळट, लहान मुलीच्या फ्रॉकसारखं.

"कधी बांधलंस?" मी विचारलं.

"झाले दोन महिने. मुंबईहून मागवलं. रंग मीच मिसळला." तो विमान काढून माझ्या हातात देत म्हणाला, "बघ बरं, राखाडी जमलाय का?"

किती वर्षांनी त्याने मला काही विचारलं होतं. मी विमान उजेडाकडे धरलं, जसं तेव्हा धरायचे. पंखाच्या टोकावरचा दिवा बघितला, शेपटी बघितली. त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

"छान जमलाय," मी म्हणाले. "अगदी बरोबर राखाडी."

स्वयंपाकघरातून त्याची बायको ओरडली, "ताई, खोटं बोलू नका हं! ढळढळीत गुलाबी आहे! पहिल्याच दिवशी सांगितलं मी यांना, मुलगी झाली तर तिला देऊ म्हणून!"

भावाने माझ्या हातातून विमान अलगद घेतलं. त्याला राग आला नव्हता. तो आत बघून म्हणाला, "अगं, ताई म्हणते राखाडी," आणि विमान जागेवर ठेवलं, चाकं फळीच्या कडेशी सरळ करून.

मग कांद्याच्या भावाबद्दल बोलला. जेवायला बसलो. बायको आग्रह करत होती, तो तिची चेष्टा करत होता, मी हसत होते. निघताना त्याने मला स्टँडवर सोडलं आणि गाडी हलेपर्यंत उभा राहिला. खिडकीशी येऊन म्हणाला, "पोचलीस की फोन कर."

मी पोचल्यावर फोन केला. तो त्याच्या बायकोने उचलला.